ठाणे गेले, कल्याण राहिले : महादजी शिंद्यांची मध्यस्थी आणि सालबाईचा तह

आपल्या ज्ञातीची बहुसंख्य कुटुंबे आज ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन गावी नांदत आहेत. कोणी नोकरीनिमित्त, कोणी शिक्षणासाठी, तर कोणी सोयरिकीच्या निमित्ताने या तीन गावांमध्ये नित्य ये-जा करीत असतो. ठाण्याहून कल्याणकडे निघालेली गाडी स्टेशन सोडताच खाडीच्या पुलावर येते, पुलाचा खडखडाट होतो, आणि थोड्याच वेळात कळवे लागते. डब्यातील माणसे वर्तमानपत्रातून डोकेही वर काढीत नाहीत. परंतु हीच खाडी एके काळी दोन राज्यांमधील सरहद्द होती, तिच्या पश्चिमेस कंपनी सरकारचा अंमल होता व पूर्वेस श्रीमंत पेशव्यांचा, आणि ही सरहद्द येथून शेकडो कोस दूर ग्वाल्हेरच्या बाजूस सालबाई नावाच्या एका खेड्यात ठरली, हे आपल्या तरुण पिढीपैकी किती जणांस ठाऊक असेल?

स्मरणिकेच्या चालकांनी स्थानिक इतिहासावर चार शब्द लिहिण्याची सूचना केली, तेव्हा आम्ही हाच विषय निवडला. त्यास कारण आहे. दोन शेजारी भांडत असता तिसऱ्याने मध्ये पडून तंटा मिटविणे ही गोष्ट राज्यांत घडते तशीच घरांतही घडते. मध्यस्थ कोण असावा, त्याला काय साधते व काय साधत नाही, आणि त्याने बांधून दिलेली गाठ किती दिवस टिकते, या प्रश्नांची उत्तरे सालबाईच्या तहात जितकी स्पष्ट सापडतात तितकी अन्यत्र क्वचितच सापडतील.

तंट्याचे मूळ

इ. स. १५३४ मध्ये गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, तेव्हापासून साष्टी बेट त्यांच्या ताब्यात होते. ठाणे हे या बेटाचे ईशान्येकडील नाके. पुढे १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी ठरला, तेव्हा मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळाले व १६६८ मध्ये ते राजाने कंपनीच्या हवाली केले. मुंबईबरोबर साष्टीही आपणांस मिळावयास पाहिजे होती, असे इंग्रजांचे म्हणणे होते. पोर्तुगीजांनी ते कधीच मानले नाही. त्यामुळे इंग्रजांची हद्द जेथे संपे त्या जागेस आपण मराठी माणसे आजही शीव म्हणतो. शीव म्हणजे वेस. मुंबईची वेस तेथे होती.

१७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली. साष्टी मराठ्यांची झाली. इंग्रजांनी लागलीच कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजी अप्पांकडे पाठवून स्नेहाचा तह केला; पण साष्टीवरील त्यांची नजर ढळली नाही. त्याचे कारण केवळ लोभ एवढेच सांगून चालणार नाही. मुंबई हे लहानसे बेट. त्यावर वस्ती वाढत चाललेली. धान्य, लाकूडफाटा, गुरे हे सर्व साष्टीतून व पलीकडील कल्याण-भिवंडी प्रांतातून यावयाचे. साष्टी ज्याच्या हाती त्याने मनात आणिले तर मुंबईची चूल विझावी, अशी स्थिती होती. अशा ठिकाणी शेजाऱ्याचे निशाण फडकत असलेले पाहणे कोणत्याही दूरदर्शी व्यापाऱ्यास रुचले नसते. म्हणून साष्टी व वसई पदरात पाडून घ्याव्या असा आग्रह विलायतेतील डायरेक्टरांनी धरला होता, आणि १७७२ साली टॉमस मॉस्टिन हा मुंबईकरांचा वकील पुण्यास येऊन राहिला त्यातही हाच हेतू होता.

थोरल्या माधवरावांच्या हयातीत हे साधण्यासारखे नव्हते. परंतु १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव वारले, ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि चुलता व पुतण्याचा पक्ष यांत राज्य दुभंगले. बारभाईंनी नारायणरावांच्या बालपुत्राच्या नावाने कारभार हाती घेतला आणि रघुनाथराव आश्रयासाठी इंग्रजांच्या दाराशी गेले. घरातील माणूसच शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसल्यावर शेजाऱ्यास आणखी काय पाहिजे?

त्यातच गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे अशी वार्ता मुंबईस पोहोचली. रघुनाथरावांशी बोलणी पुरी होण्याची वाटही न पाहता मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ मध्ये जनरल गॉर्डन व आरमाराचा अधिकारी वॉटसन यांस ठाण्यावर पाठविले. पहिला हल्ला मराठ्यांनी परतविला. दुसरा, २८ डिसेंबर रोजी, यशस्वी झाला. शिबंदीतील बहुतेक माणसे कापली गेली. इंग्रजांकडील वॉटसनही जखमी होऊन मरण पावला. ज्या किल्ल्यात ही झुंज झाली तो आजही ठाण्यात उभा आहे. आपण त्यास मध्यवर्ती कारागृह म्हणून ओळखतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्या तटाकडे पाहताना एवढे तरी मनात आणावे की, आत पडलेले ते शिपाई आपल्याच या मुलखासाठी पडले.

फसलेले दोन तह

६ मार्च १७७५ रोजी सुरतेस रघुनाथरावांनी इंग्रजांशी तह करून साष्टी, वसई वगैरे मुलूख देण्याचे कबूल केले. जे आपल्या हाती नाही ते देऊन टाकण्यात माणूस नेहमीच उदार असतो! त्याबरोबर लढाई जुंपली. परंतु कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलास मुंबईकरांचा हा परभारे उद्योग मान्य झाला नाही. त्यांनी कर्नल अप्टन यास पुण्याकडे धाडले, आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यात रघुनाथरावांचा पक्ष सोडण्याचे इंग्रजांनी मान्य केले; मात्र साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

हा तह टिकला नाही. कलकत्तेकरांनी केलेला तह मुंबईकरांस नको होता आणि विलायतेहून आलेल्या पत्रांनी मुंबईकरांस अधिकच चेव चढला. १७७८ च्या अखेरीस ते रघुनाथरावांना घेऊन घाट चढले. पुढे तळेगाव-वडगाव येथे मराठ्यांनी त्यांना असे कोंडले की, जानेवारी १७७९ मध्ये शरण येण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १७७३ नंतर घेतलेला सारा मुलूख, साष्टीसुद्धा, परत देण्याचे इंग्रजांनी वडगावास लिहून दिले. फार्मर व स्ट्यूअर्ट हे दोघे इंग्रज महादजी शिंद्यांकडे ओलीस राहिले आणि उरलेल्या फौजेस मुंबईस सुखरूप जाऊ दिले गेले.

म्हणजे कागदोपत्री ठाणे त्या दिवशी आपणांस परत मिळाले होते. पण फौज घाट उतरून मुंबईस पोहोचली आणि मुंबईकरांनी व मागाहून कलकत्तेकरांनी सांगितले की, सही करणारास असा तह करण्याचा अधिकारच नव्हता! यातील धडा साधा आहे, पण तो मोठमोठ्यांच्याही ध्यानात राहत नाही. समोरचा मनुष्य कबूल झाला एवढ्याने भागत नाही. त्याच्या कबुलीने त्याचे घर बांधले जाते की नाही, हे आधी पाहावे लागते.

आपल्या तालुक्यातील लढाई

यानंतरची तीन वर्षे आपल्या या मुलखाने जे सोसले, त्याची आठवण कोणत्याही स्मारकावर कोरलेली नाही. पुण्याच्या फौजा मुंबईची रसद तोडू लागल्या, म्हणून इंग्रजांनी खाडी ओलांडून कल्याण घेतले. १७८० च्या मे महिन्यात मराठ्यांनी कल्याणास वेढा घातला, तो कर्नल हार्टली याने येऊन उठविला. त्याच वर्षी कॅप्टन अबिंग्टन मलंगगडावर चालून गेला. त्याने खालचा कोट घेतला, पण वरच्या कड्यावरील शिबंदी हटली नाही. आज बाबा मलंगाच्या यात्रेस जाणाऱ्यांनी त्या कड्याकडे नीट पाहावे, म्हणजे ती का हटली नाही हे सांगावे लागणार नाही.

डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली. वसईच्या मदतीस येणारे रामचंद्र गणेश वज्रेश्वरीजवळ दुगाडच्या लढाईत धारातीर्थी पडले. पुढे गॉडर्ड बोरघाटाच्या तोंडाशी जाऊन बसला. पण परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके व तुकोजी होळकर यांनी त्यास असे सतावले की, एप्रिल १७८१ मध्ये मोठे नुकसान सोसून त्यास पनवेलकडे माघार घ्यावी लागली. इंग्रज कोकणात बळकट आणि घाटावर दुबळे. मराठे घाटावर बळकट आणि कोकणात दुबळे. कोणासही दुसऱ्यास पुरते नमविता येईना. दोघांच्या मधल्या पट्ट्यात मात्र जो तो येई तो धान्य, बैल आणि होड्या घेऊन जाई. तो मधला पट्टा म्हणजे आपला कल्याण-भिवंडीचा प्रांत होय.

मध्यस्थ पुढे येतो

मध्यस्थास जागा मिळते ती उभयपक्ष दमल्यावरच. इंग्रज दमले होते. १७८० च्या उन्हाळ्यानंतर हैदर अलीने कर्नाटकात उतरून त्यांची दाणादाण उडविली होती. नाना फडणिसांनी निजाम, हैदर व नागपूरकर भोसले यांस एकत्र आणण्याची खटपट केली होती. फ्रेंचांचे भय होते. आणि कंपनीची तिजोरी रिकामी होत चालली होती. अमेरिकेत तर इंग्रजांचे राज्यच हातचे चालले होते. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यास मराठ्यांशी समेट पाहिजे होता. फक्त तो मागण्याची लाज वाटणार नाही असा मार्ग हवा होता.

इकडे महादजी शिंदेही अडचणीत होते. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपम याने ग्वाल्हेरचा किल्ला अचानक शिडी लावून घेतला होता, आणि मार्च १७८१ मध्ये कॅमॅक याने रात्री छापा घालून महादजींच्या छावणीचे नुकसान केले होते. लढाई कोकणच्या सीमेची, पण झळ माळव्यास लागू लागली. तेव्हा १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी कर्नल म्यूर याच्याशी स्वतःपुरता तह केला. यमुनेच्या पश्चिमेकडील त्यांचा मुलूख त्यांस परत मिळावा आणि त्यांनी पेशवे व इंग्रज यांच्यामध्ये पडून समेट घडवून आणावा, असे त्यात ठरले.

हेस्टिंग्जने डेव्हिड अँडरसन यास पूर्ण अधिकार देऊन महादजींच्या छावणीत पाठविले. वडगावचा घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून या वेळी अधिकारपत्रे चोख होती. पुण्याच्या बाजूने बोलण्याचा अधिकार महादजींकडे होता. अनेक महिने वाटाघाटी होऊन १७ मे १७८२ रोजी सालबाईस सतरा कलमांचा तह झाला.

त्यातील मुख्य कलमे अशी. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख, वसईसह, पेशव्यांस परत द्यावा. साष्टी आणि लगतची घारापुरी, कारंजा व हॉग ही तीन बेटे इंग्रजांकडे राहावीत. इंग्रजांनी रघुनाथरावांस यापुढे पैशाने वा फौजेने साहाय्य करू नये; ते महादजींच्या आश्रयास येऊन राहिल्यास पेशव्यांनी त्यांस दरमहा २५,००० रुपये द्यावेत. हैदराने इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सोडावा. पेशव्यांनी पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपियनांस वखारी घालू देऊ नयेत. आणि शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट : हा तह पाळला जाईल यास महादजी शिंदे उभयपक्षी जामीन राहतील, व जो पक्ष तह मोडील त्याच्या विरुद्ध दुसऱ्यास मिळून मोडणाऱ्यास ते ताळ्यावर आणतील.

हेस्टिंग्जने तीनच आठवड्यांत, ६ जून रोजी, तह मंजूर केला. नानांनी मात्र डिसेंबरपर्यंत सही केली नाही. हैदराशी केलेला शब्द त्यांस सोडवत नव्हता आणि साष्टीची आशाही सुटत नव्हती. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला आणि २० डिसेंबर रोजी नानांची सही झाली. या दोन तारखांमधील अंतर पाहिले म्हणजे नानांच्या मनात काय चालले होते हे वेगळे सांगावयास नको. २४ फेब्रुवारी १७८३ रोजी तहाच्या प्रती एकमेकांस देण्यात आल्या.

मध्यस्थाने काय दिले, काय घेतले

या तहाविषयी ठाणेकरांची एक तक्रार असू शकते व कल्याणकरांस एक समाधान. ठाणेकराने म्हणावे, महादजींनी आमचे गाव इंग्रजांस देऊन टाकले. कल्याणकराने म्हणावे, महादजींनी आमचे गाव सोडवून आणले. दोघेही खरे बोलत आहेत. एकाच कागदाने ठाणे गेले आणि कल्याण राहिले. वसई परत आली आणि साष्टी आली नाही.

आमच्या मते महादजींवर ठाण्याचा दोष पूर्णपणे टाकणे न्यायाचे होणार नाही. साष्टी १७७४ मध्ये तलवारीने गेली होती आणि १७७६ मध्ये पुरंदरास खुद्द पुण्याच्या कारभाऱ्यांनी ती इंग्रजांकडे राहू दिली होती. मध्यस्थास शून्यातून काही निर्माण करता येत नाही. दोन्ही पक्षांच्या बळाचे माप जेथे येऊन थांबले असेल, तेथेच त्याला रेघ ओढावी लागते. त्या रेघेला त्याने प्रतिष्ठा द्यावी व दोघांनाही मान राखून मागे फिरता यावे, एवढे त्याचे काम. वसई आणि कल्याण इंग्रजांनी जिंकून घेतलेली असूनही ती परत आली, ही या मध्यस्थीची मोठीच कमाई होय.

तथापि दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. महादजी हे निःस्पृह मध्यस्थ नव्हते. ते एका पक्षाचे सरदार असून दोन्ही पक्षांचे जामीन झाले. वडगावास इंग्रज फौजेशी सौजन्याने वागल्याबद्दल हेस्टिंग्जने भडोच शहर त्यांस स्वतंत्रपणे बहाल केले. उत्तरेत इंग्रज आड येणार नाहीत अशी खात्री झाल्यावर त्यांनी ग्वाल्हेर परत घेतले, आणि १७८४ च्या अखेरीस दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद मिळविले. पेशव्यांचा एक सरदार तहान्वये पेशवे व इंग्रज या दोघांच्या मध्ये, जवळजवळ दोघांच्या बरोबरीने, बसला. नानांस ते डाचले असल्यास नवल नाही. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट थेट पुण्यास आला, त्यानंतर महादजींच्या या मध्यस्थपणाचे महत्त्व उतरणीस लागले.

मध्यस्थाचा स्वार्थ असणे हे नेहमीच वाईट, असेही म्हणता येत नाही. ज्याला शांततेत लाभ आहे तो शांतता मोडू देत नाही. महादजींचे उत्तरेतील सारे कार्य या तहावर उभे होते, म्हणूनच ते हयात असेतो तह मोडला नाही. निःस्वार्थी मध्यस्थ सल्ला देऊन घरी जातो; स्वार्थी मध्यस्थ दारात पहारा देतो. मात्र पहारेकऱ्याचे वेतन कोणाला तरी द्यावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

जगातील दोन दाखले

आपल्या आयुष्यात घडलेल्या दोन गोष्टींशी याची तुलना करून पाहावी. १९६५ मध्ये कच्छच्या रणावरून भारत व पाकिस्तान यांच्यात चकमकी झाल्या, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जून १९६५ रोजी युद्धविराम ठरला आणि तंटा तीन जणांच्या न्यायमंडळाकडे सोपविण्यात आला. भारताने एक, पाकिस्तानने एक असे परदेशी सभासद नेमले व अध्यक्ष स्वीडनचे होते. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी निवाडा दिला. वादग्रस्त भागाचा सुमारे दशांश पाकिस्तानास व उरलेला भारतास मिळाला. आपल्याकडे त्यावर टीका झाली, पण दोन्ही देशांनी तो निवाडा पाळला.

दुसरा दाखला दक्षिण अमेरिकेतील. अर्जेंटिना व चिली या शेजारी देशांत बीगल खाडीतील तीन लहान बेटांवरून १९७८ च्या डिसेंबरात युद्ध पेटण्याच्या बेतात होते. तेव्हा पोप दुसरे जॉन पॉल यांनी मध्यस्थी पत्करली. सहा वर्षे बोलणी चालली आणि २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकन येथे तह झाला. बेटे चिलीकडे राहिली व समुद्राच्या हद्दीची वाटणी ठरली. पोपांजवळ फौज नव्हती आणि त्यांस भडोचसारखे काही मिळावयाचे नव्हते. त्यांचा जामीन म्हणजे दोन्ही देशांतील जनतेच्या मनातील त्यांच्याविषयीचा आदर.

या दोन्ही ठिकाणी तह एका मनुष्याच्या आयुष्यावर टांगलेला नव्हता. एकामागे न्यायमंडळाचा लेखी निवाडा होता. दुसऱ्यामागे दोन्ही देशांच्या कायदेमंडळांची मान्यता होती. सालबाईच्या तहास मात्र जामीन एकच होता, आणि जामीनदार मर्त्य होता.

जामीनदार गेल्यावर

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी पुण्याजवळ वानवडीस वारले. १३ मार्च १८०० रोजी नानाही गेले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला, तेव्हा दुसरे बाजीराव पळून वसईस आले. ज्या वसईसाठी चिमाजी अप्पांनी एवढे रक्त सांडले आणि जी सालबाईस परत मिळाली, त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी रघुनाथरावांच्या या पुत्राने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. बापाने साष्टी घालविली, मुलाने स्वातंत्र्य. सालबाईने जी वीस वर्षांची शांतता मिळाली होती, ती तेथे संपली.

खाडीची सरहद्द मात्र आणखी काही वर्षे राहिली. गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या प्रकरणी इंग्रजांनी त्रिंबकजी डेंगळे यांस ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते. ते १२ सप्टेंबर १८१६ रोजी तेथून निसटले. पहारेकरी गोरे होते, आणि मोतद्दाराने घोड्यास खरारा करता करता मराठी गाण्यातून निरोप पोचविला, अशी दंतकथा आहे. गाणे खरे असो वा नसो, पण खाडीपलीकडे पेशव्यांचा मुलूख होता म्हणूनच ठाण्याहून निसटणे शक्य झाले, ही गोष्ट खरी. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले, कल्याणही गेले, आणि खाडी ही केवळ खाडी उरली. पुढे १८५३ च्या एप्रिलात आगगाडी ठाण्यास आली व दुसऱ्या वर्षी खाडी ओलांडून कल्याणास पोचली. ज्या पाण्यावरून फौजा उतरल्या, त्यावरून आज आपल्या सुना माहेरी जातात.

आपल्या घरासाठी

येथवर वाचणारास वाटेल की, राज्यांच्या या गोष्टींचा आपल्या ज्ञातिमंडळाशी काय संबंध? आम्ही शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकविला आणि निवृत्तीनंतर ज्ञातीतील काही वाटणीच्या तंट्यांत चार वडीलधाऱ्यांबरोबर बसण्याचा प्रसंगही आम्हांवर आला. ठाण्यातील जुना वाडा, कल्याणातील आळीतले घर, डोंबिवलीतील वडिलांनी घेतलेला प्लॉट यांच्या किमती आज अशा वाढल्या आहेत की, जे भाऊ कालपर्यंत एका ताटात जेवत, ते आज वकिलाच्या पायऱ्यांवर भेटतात. एक भाऊ रुसून इमारत बांधणाऱ्याकडे जातो आणि आपल्या हाती नसलेला हिस्साही लिहून देतो. सुरतेचा तह दुसरा कसा असतो?

सालबाईकडे पाहून आम्हांस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, तंटा ताजा असतानाच घरच्या घरी मिटवावा. साष्टी एकदा गेल्यावर उत्तमातला उत्तम मध्यस्थही ती परत आणू शकत नाही. दुसरी, बोलणीस बसणाऱ्याजवळ आपल्या घरच्या सर्वांची संमती आहे की नाही हे आधी पाहावे. बहिणींना न विचारता भावांनी केलेली वाटणी ही वडगावच्या तहासारखी घाट उतरताच मोडते. तिसरी, मध्यस्थाचा स्वार्थ कोठे आहे हे उघडपणे विचारावे. तो असला तरी हरकत नाही, पण झाकलेला नसावा. चौथी, ठरलेले सर्व लेखी करून रीतसर नोंदवावे, आणि ते कोणा एका काकांच्या किंवा मामांच्या शब्दावर टांगून ठेवू नये. काका-मामा आपल्याला जन्मभर पुरत नाहीत.

आपल्या मंडळाने तंटे मिटविण्यासाठी कायमची समिती असावी, असा विचार काही सभासद बोलून दाखवितात. तो विचार आम्हांस पसंत आहे. माणूस जातो, समिती राहते. तिच्यात स्त्रियांसही जागा असावी आणि तिचे प्रत्येक काम दप्तरी नोंदलेले असावे, इतकीच पुस्ती आम्ही जोडतो.

महादजींनी पुण्यापासून दूर छावणीत बसून आपल्या खाडीची रेघ ओढली. त्या रेघेने वीस वर्षे या मुलखातील शेतकऱ्यास पेरलेले कापता आले, कोळ्यास जाळे टाकता आले, व्यापाऱ्यास माल उतरविता आला. वीस वर्षे म्हणजे एका मुलाचे मोठे होऊन संसारास लागणे. ठाणे गेल्याचे दुःख खरेच आहे. पण त्या वीस वर्षांत कल्याणास जी मुले लढाई न पाहता वाढली, त्यांचाही हिशेब इतिहासाने मांडला पाहिजे. तो मांडण्याचे काम ज्ञातीतील तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावे, अशी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.